हजारांतला तो एक

कथबर्ट ड्यूक्स १९२२ साली लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून रुजू झाला, तेव्हा हे हॉस्पिटल वैद्यकातल्या मानाच्या जागांपैकी नव्हतं. फ्रेडरिक सामन नावाच्या सर्जनने १८३५ साली सात खाटांवर ते सुरू केलं होतं. भगंदर आणि गुदमार्गाच्या इतर दुखण्यांनी गांजलेल्या गोरगरिबांना उपचार मिळावेत, एवढाच हेतू होता. चार्ल्स डिकन्सवर भगंदराची शस्त्रक्रिया करणारा सर्जन हाच. शरीराच्या ज्या भागाबद्दल चारचौघांत बोलायची सोय नव्हती, त्याला वाहिलेलं हे हॉस्पिटल. पण एकाच अवयवाचे रुग्ण वर्षानुवर्षं एकाच दारात येत राहिल्यामुळे ड्यूक्सला एक संधी मिळाली, जी मोठ्या नामांकित हॉस्पिटलांतल्या पॅथॉलॉजिस्टांना सहसा मिळत नसे. त्याच्या टेबलावर रोज तेच येई: कॅन्सरसाठी कापून काढलेला मोठ्या आतड्याचा नाहीतर गुदाशयाचा तुकडा.

ड्यूक्सची कामाची रीत शिस्तीची होती. आतडं लांबीत उघडायचं, सपाट करायचं, कॅन्सर किती खोल गेलाय ते पाहायचं, आजूबाजूच्या लसिकाग्रंथी एकेक शोधून तपासायच्या आणि सगळ्याचा नकाशा काढायचा. कॅन्सरच्या पायऱ्यांची ए, बी, सी ही त्याची १९३२ची वर्गवारी याच कामातून आली. पुढे जगभरचे सर्जन तिच्या आधाराने बोलू लागले. त्याआधी, १९२६ साली, त्याने एक निबंध लिहिला होता. कॅन्सरच्या शेजारी, त्याच आतड्यावर, त्याला वारंवार छोटे निरुपद्रवी पॉलिप दिसत होते. कधी कधी तर कॅन्सरची एक कडा म्हणजेच जुना पॉलिप असे. सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूला जरा वेडीवाकडी पण अजून जागेवर बसलेली पेशींची रांग, तर दुसऱ्या बाजूला अस्तर फोडून खाली उतरलेला कॅन्सर. मधली सीमा बोट ठेवून दाखवता यावी इतकी जवळ. ड्यूक्सने अर्थ लावला तो असा: कॅन्सर निरोगी अस्तरावर एकाएकी उगवत नाही, तो आधीच्या पॉलिपमधून घडत जातो.

आज हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य आहे. पण या वाक्यामागे उभा असलेला प्रश्न शंभर वर्षं होत आली तरी पुरता सुटलेला नाही. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचा मांसल कोंब. काही देठाचे, पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंबीसारखे. काही पसरट, बुडासकट चिकटलेले. त्यातल्या कॅन्सरकडे झुकू शकणाऱ्या जातीला अ‍ॅडेनोमा म्हणतात. पाश्चात्त्य देशांत पन्नाशी ओलांडलेल्या माणसांची दुर्बिणीतून तपासणी केली, तर चारातल्या एकाकडे तरी अ‍ॅडेनोमा सापडतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर मात्र तिथेही आयुष्यभरात विसांतल्या एकाला होतो. म्हणजे बहुतेक पॉलिप आयुष्यभर गुमान बसून राहतात. मग उलटतो तो कोणता?

हे शोधायचा सरळ मार्ग एकच: पॉलिप दिसला की त्याला हात न लावता दहा-वीस वर्षं पाहत राहायचं. आणि नेमकं तेच करता येत नाही. डॉक्टरला दिसलेला पॉलिप तो काढणारच, आणि काढायलाच हवा. पण काढला त्या क्षणी त्याचं भविष्य कुणालाच कळणार नाही असं होऊन जातं. तो उलटणारा होता की गरीब, हे त्याच्यासोबत फॉर्मलिनच्या बाटलीत जातं. या विषयाच्या इतिहासात जे जे खरं हाती लागलं ते अशाच ठिकाणी लागलं, जिथे पॉलिप काढणं कुणाला शक्य झालं नव्हतं, किंवा जिथे ते वेळेवर झालं नव्हतं. आपल्या आजच्या ज्ञानाच्या बुडाशी ही माणसं आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना हे विसरता येत नाही.

यातली पहिली माणसं सेंट मार्क्समध्येच भेटली. तिथला सर्जन जॉन पर्सी लॉकहार्ट-ममरी याने १९२५ साली तीन कुटुंबांची हकिगत छापली. या कुटुंबांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या आणि तोही ऐन उमेदीत येत होता. कारण होतं पॉलिपोसिस: वयात येता येता आतड्यात पॉलिप उगवू लागतात आणि शेकड्यांनी, कधी हजारांनी अस्तर भरून जातं. आईला किंवा वडिलांना हे असेल तर प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी. उपचार झाले नाहीत तर चाळिशीच्या आसपास कॅन्सर जवळपास ठरलेला. या कुटुंबांची नोंदवही सेंट मार्क्सने त्याच सुमारास सुरू केली. जगातली अशा प्रकारची ती पहिली नोंदवही.

ती सांभाळायला ड्यूक्सच्या हाताखाली डिक बसी हा पोरसवदा मदतनीस होता. त्याच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती. पण रुग्णाच्या आईवडिलांना, भावंडांना, काका-आत्यांना काय झालं होतं, कोण कितव्या वर्षी गेलं, कोणाची तपासणी राहिली आहे, हे त्याने चिकाटीने जमवलं आणि वंशवृक्ष मांडले. आयुष्याची सुमारे साठ वर्षं त्याने या कामाला दिली. वाटेत पीएच.डी. केली आणि १९७५ साली पॉलिपोसिसवर लिहिलेला त्याचा ग्रंथ अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने छापला. वैद्यकाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावं मोठ्या अक्षरांत येतात. बसीने नेत्रदीपक असं काहीच केलं नाही. पण त्याच्या वंशवृक्षांवाचून पुढची निम्मी कथा घडली नसती असं माझं ठाम मत आहे.

या नोंदींनी एक गोष्ट सिद्ध केली: पॉलिपमधून कॅन्सर होतो, शंका नको. पण दुसरी गोष्ट जास्त खोल होती. पॉलिपोसिसच्या रुग्णाच्या आतड्यात हजार पॉलिप असतात. शरीर तेच, जन्मजात दोष तोच, खाणंपिणं तेच. तरीही कॅन्सर होतो तो एका-दोन पॉलिपांतच. बाकीचे शेकडो तिथेच शेजारी तसेच बसलेले. म्हणजे वारसा सांगतो की घडणार आहे. कुठल्या पॉलिपमध्ये घडणार, ते वारसा सांगत नाही.

१९५०च्या दशकात अमेरिकेत या सगळ्या मांडणीला जोरदार विरोध झाला. मिझुरीतल्या स्प्रॅट, अ‍ॅकरमन आणि मॉयर यांनी १९५८ साली आकडे मांडून म्हटलं, की आतड्यात पॉलिप जिथे सापडतात आणि कॅन्सर जिथे होतो त्या जागा जुळत नाहीत. अगदी लहान कॅन्सर तपासले तरी त्यात जुन्या पॉलिपचा मागमूस नसतो. म्हणजे बहुतेक कॅन्सर थेट अस्तरातूनच होत असणार. १९६२ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे बेंजामिन कॅसलमन आणि क्रिकस्टीन यांनी हाच मुद्दा आणखी रेटला: अ‍ॅडेनोमाच्या शेंड्यावर चार पेशी भेसूर दिसल्या म्हणून त्याला कॅन्सर म्हणू नका. अशा पॉलिपने माणूस मेल्याचं दाखवा.

यांना हटवादी ठरवणं सोपं आहे, आणि पुढे तसं केलंही गेलं. पण त्या काळी पॉलिप काढणं म्हणजे काय होतं ते डोळ्यांपुढे आणावं लागतं. गुदमार्गातून घालायची सरळ, ताठ नळी जेमतेम पंचवीस सेंटिमीटर आत पोहोचे. त्यापलीकडचा पॉलिप काढायचा तर पोट उघडायचं, आतडं चिरायचं, शिवायचं. अशा शस्त्रक्रियेत माणसं दगावत. एका बोराएवढ्या कोंबासाठी धडधाकट माणसाला टेबलावर घ्यायचं का, असा प्रश्न अ‍ॅकरमन आणि कॅसलमन विचारत होते, आणि तो रुग्णाच्या बाजूने विचारलेला प्रश्न होता. शिवाय त्यांचं निम्मं म्हणणं खरंच ठरलं: बहुतेक पॉलिप कॅन्सरपर्यंत पोहोचत नाहीत. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. लहान कॅन्सरमध्ये पॉलिप दिसत नाही याचा अर्थ तो नव्हताच असा त्यांनी घेतला. कॅन्सर वाढताना आपल्या मूळ पॉलिपला खाऊन टाकतो, हे ड्यूक्सच्या जागी आलेला बेसिल मॉर्सन यानंतर दाखवणार होता: कॅन्सर जितका लवकर पकडावा, तितके त्याच्या कडेला जुन्या अ‍ॅडेनोमाचे अवशेष जास्त वेळा सापडतात.

दरम्यान मिनेसोटा विद्यापीठात व्हिक्टर गिल्बर्टसन वाद न घालता काम करत होता. १९४८पासून तिथे पंचेचाळीस वर्षांवरच्या माणसांची दरवर्षी ताठ नळीने तपासणी होई आणि दिसेल तो पॉलिप काढला जाई. पंचवीस वर्षांत १८,१५८ माणसं तपासून झाल्यावर १९७४ साली त्याने हिशेब मांडला. तेवढ्या टापूत जितके कॅन्सर व्हायला हवे होते त्यापेक्षा ८५ टक्के कमी झाले होते. तुलनेसाठी न तपासलेल्यांचा गट नव्हता, ही उणीव खरी. तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता.

दुसऱ्याच वर्षी, १९७५ साली, सेंट मार्क्समधून तो निबंध आला ज्याच्यावर आजचीही मार्गदर्शक तत्त्वं उभी आहेत. लेखक तिघे: तोक्योहून आलेला तेत्सुइचिरो मुतो, आपला बसी आणि मॉर्सन. काढलेल्या अ‍ॅडेनोमांत कॅन्सर किती वेळा सापडतो, ते त्यांनी आकारानुसार आणि जातीनुसार मांडलं. एक सेंटिमीटरपेक्षा लहान पॉलिपांत १.३ टक्के. एक ते दोन सेंटिमीटरमध्ये ९.५ टक्के. दोन सेंटिमीटरच्या वर ४६ टक्के. जातीचंही तसंच: नळीसारख्या ग्रंथींच्या साध्या अ‍ॅडेनोमांत ५ टक्के, लव असलेल्या व्हिलस जातीत ४० टक्के, आणि मिश्र जातीत २२. पेशी जितक्या बिघडलेल्या, तितका धोका जास्त. सूक्ष्मदर्शक, मोजपट्टी आणि वर्षानुवर्षं जपून ठेवलेले नमुने, एवढ्या साधनांवर हे उभं राहिलं. आजही दुर्बिणीचा रिपोर्ट हातात घेतलेला डॉक्टर आधी हेच पाहतो: किती मिलिमीटर, कुठली जात, पेशी किती बिघडल्यात.

पण हा तक्ता स्थिरचित्रांचा होता. लहान पॉलिपात कॅन्सर क्वचित, मोठ्यात पुष्कळ. यावरून लहान पॉलिप मोठा होतो आणि मग उलटतो, असा अंदाज बांधता येतो. एकाच पॉलिपचा प्रवास मात्र कुणी पाहिलेला नव्हता. आणि आता तो पाहण्याची संधीही हातातून निसटत चालली होती.

कारण न्यूयॉर्कच्या बेथ इस्राएल हॉस्पिटलमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी १९६९ साली लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास सोडून पॉलिप काढायला सुरुवात केली होती. फास देठाभोवती अडकवायचा, आवळायचा, विजेचा प्रवाह सोडायचा. पॉलिप सुटतो आणि रक्तही आवरलं जातं. पोट उघडणं नाही, टाके नाहीत. १९७३ साली त्यांनी अनुभव छापला आणि पाहता पाहता जग बदललं. अ‍ॅकरमनचा प्रश्नच निकालात निघाला, कारण पॉलिप काढण्याची किंमत उतरली. दिसला की काढा. या एका तारेने किती जीव वाचवले त्याची मोजदाद कठीण आहे. पण त्या दिवसापासून आतड्यात राहू दिलेला मोठा पॉलिप ही वस्तूच दुर्मीळ झाली.

म्हणून मेयो क्लिनिकच्या जुन्या फायलींना मोल आलं. स्टीव्हन स्ट्रायकर आणि सहकाऱ्यांनी तिथले असे २२६ रुग्ण शोधून काढले, ज्यांच्या आतड्यात एक सेंटिमीटरचा किंवा मोठा पॉलिप बेरियमच्या एक्स-रेवर दिसला होता, पण तो काढला गेला नव्हता. लवचीक दुर्बिणीच्या आधीचा काळ. शस्त्रक्रियेऐवजी अधूनमधून एक्स-रे काढून लक्ष ठेवायचं ठरलेलं. बेरियमचा एनिमा द्यायचा, टेबल वाकडंतिकडं करत पांढरा लगदा आतड्यात फिरवायचा आणि फोटो घ्यायचे. वर्षामागून वर्षं काढलेल्या या फोटोंत तोच डाग, त्याच वळणावर, कधी थोडा मोठा होत जाताना दिसत होता. त्याच जागी कॅन्सर होण्याची शक्यता पाच वर्षांत २.५ टक्के निघाली, दहा वर्षांत ८ टक्के आणि वीस वर्षांत २४ टक्के. हे १९८७ साली छापून आलं. मोठा पॉलिप असूनही वीस वर्षांनी चारातल्या तिघांच्या त्या जागी कॅन्सर नव्हता. आणि चौथ्याला होता. दोन्ही गोष्टी एकाच तक्त्यात.

या २२६ जणांचं काम इथे संपलं नाही. सिडनी विनावर आणि अ‍ॅन झॉबर यांनी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून नॅशनल पॉलिप स्टडी उभारला होता. सात केंद्रं, १,४१८ रुग्ण, सगळ्यांचे अ‍ॅडेनोमा दुर्बिणीतून काढलेले. काढल्याने कॅन्सर टळतो का, हे सिद्ध करायला न काढलेल्यांशी तुलना हवी. आणि मुद्दाम पॉलिप न काढता एक गट ठेवणं हे कुठल्याही नीतीत बसणारं नव्हतं. १९९३ साली विनावरने तुलनेला तीन गट घेतले: मेयोचे ते रुग्ण, सेंट मार्क्सचे पॉलिप राहिलेले जुने रुग्ण आणि सर्वसाधारण अमेरिकी लोकसंख्या. पॉलिप काढलेल्यांत कॅन्सरचं प्रमाण अनुक्रमे ९०, ८८ आणि ७६ टक्के कमी निघालं. अनेक देशांत पन्नाशीच्या आसपास दुर्बिणीतून तपासणी करून घ्या असं जे सांगितलं जातं, त्याच्या पायाशी ही तुलना आहे. आणि त्या तुलनेत एका पारड्यात आहेत ज्यांना हा उपचार मिळू शकला नाही ती माणसं.

सेंट मार्क्सच्या नोंदींनी उलट बाजूचाही एक निकाल दिला. वेंडी अ‍ॅटकिन या संख्याशास्त्राकडे झुकलेल्या संशोधिकेने १९५७ ते १९८० या काळात ताठ नळीने अ‍ॅडेनोमा काढलेल्या १,६१८ रुग्णांचा माग घेतला. ज्यांचा पॉलिप मोठा किंवा लव असलेल्या जातीचा होता, त्यांना पुढे आतड्याच्या वरच्या भागात कॅन्सर होण्याचा धोका सर्वसामान्यांच्या ३.६ पट होता. ज्यांचा पॉलिप लहान आणि साधा होता, त्यांना जास्तीचा धोका काहीच नव्हता. १९९२ सालचा हा निष्कर्ष त्या काळी अनेकांना पचला नाही, कारण तोवर अ‍ॅडेनोमा सापडला की माणूस जन्मभराचा तपासणीचा रुग्ण व्हायचा. बसीच्या पिढीने नोंदी नीट ठेवल्या नसत्या तर हा प्रश्न विचारताही आला नसता.

तोवर कथा जनुकांकडे वळली होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये बर्ट व्होगेलस्टाइनने कॅन्सर कसा घडतो हे पाहायला मोठं आतडं निवडलं, आणि कारण सोपं होतं: इथे प्रत्येक पायरीची गाठ हाती येते, छोटा पॉलिप, मोठा पॉलिप, कॅन्सर. अडचण अशी, की गाठीच्या तुकड्यात निरोगी पेशीही मिसळलेल्या असतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीचा दोष बुडून जातो. म्हणून गोठवलेल्या गाठीचे पातळ काप काढून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, निरोगी भाग छाटून टाकायचा आणि उरलेल्यातून डीएनए काढायचा. असे १७२ नमुने त्यांनी तपासले. १९८८ साली निकाल आला. रास जनुकातला बिघाड एक सेंटिमीटरपेक्षा लहान अ‍ॅडेनोमांत ९ टक्के, मोठ्यांत ५८ टक्के, कॅन्सरमध्ये ४७ टक्के. १७व्या गुणसूत्राचा तुकडा गळणं पॉलिपात क्वचित, कॅन्सरमध्ये चारांतल्या तिघांत. बिघाड साठत जात होते. १९९० साली एरिक फिअरन आणि व्होगेलस्टाइन यांनी त्याची जी पायऱ्यांची आकृती मांडली, ती आज जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे.

पहिली पायरी कोणती, ते पॉलिपोसिसच्या कुटुंबांनी सांगितलं. १९८६ साली अमेरिकेत एका पॉलिपोसिसच्या रुग्णात पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गायब असल्याचं लक्षात आलं. वर्षभरात लंडनमध्ये वॉल्टर बॉडमर यांच्या गटाने पॉलिपोसिसच्या कुटुंबांचं रक्त तपासून जनुक तिथेच असल्याचं पक्कं केलं, आणि १९९१ साली एपीसी नावाचं ते जनुक हाती आलं. लॉकहार्ट-ममरीच्या तीन कुटुंबांपासून इथवर सहासष्ट वर्षं. लगेच असंही दिसलं, की घराण्यात काहीही नसलेल्या सर्वसामान्य माणसांच्या बहुतेक अ‍ॅडेनोमांतही एपीसीच आधी बिघडलेलं असतं, अगदी काही मिलिमीटरच्या पॉलिपातही.

इथे थोडी निराशा दडलेली होती. एपीसी सगळीकडेच बिघडलेलं असेल, तर कोणता पॉलिप उलटणार हे ते सांगू शकत नाही. ते फक्त पॉलिपची सुरुवात सांगतं. आणि व्होगेलस्टाइनच्याच गटाने २००८ साली बिघाडांच्या साठवणीवरून काळाचा अंदाज काढला, तेव्हा मोठ्या पॉलिपपासून पसरण्याच्या बेतातल्या कॅन्सरपर्यंत सुमारे सतरा वर्षं जातात असं निघालं. सतरा वर्षं पॉलिप तिथे असतो आणि तो काय करणार याची खूण आपल्याला वाचता येत नाही.

त्यातच सूक्ष्मदर्शकाने एक मोठी चूक उघड केली. हायपरप्लास्टिक म्हणून ओळखला जाणारा पॉलिप पिढ्यान्‌पिढ्या निरुपद्रवी मानला गेला होता. रिपोर्टवर हा शब्द दिसला की डॉक्टर आणि रुग्ण दोघंही निश्चिंत. १९९०च्या दशकात काही पॅथॉलॉजिस्टांना यातले काही पॉलिप वेगळे दिसू लागले: ग्रंथींच्या कडा करवतीसारख्या दातेरी, आणि बुडाशी त्या आडव्या पसरलेल्या. हा निराळाच मार्ग आहे, एपीसीवाचून कॅन्सरकडे जाणारा, हे ठासून सांगणाऱ्यांत जेरेमी जॅस आघाडीवर होता. तोही मूळचा सेंट मार्क्सचाच; पुढे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात काम केलेला. बीआरएएफ जनुकातला बदल आणि डीएनएवर बसणारी रासायनिक कुलपं यांनी हा मार्ग चालतो हे सिद्ध होत गेलं. बरीच वर्षं जॅसचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. २००८ साली मेंदूतल्या गाठीने तो गेला, तेव्हा दातेरी पॉलिप वर्गवारीत आपली जागा पक्की करत होते. आज मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपैकी पंधरा ते तीस टक्के या वाटेने येतात असं मानलं जातं. जपानमध्ये अकिताच्या शिन-एइ कुदोने आणखी एक जात दाखवली होती: उगवलेला कोंब नव्हे, तर सपाट, किंचित खोलगट डाग. आकाराने लहान आणि तरी घातकी. मुतोच्या मोजपट्टीला हा अपवाद.

पॉलिपला हात न लावता पाहण्याची संधी अखेर सीटी स्कॅनने पुन्हा दिली. विस्कॉन्सिन विद्यापीठात पेरी पिकहार्टच्या गटाने सीटीवर दिसलेले सहा ते नऊ मिलिमीटरचे पॉलिप लगेच न काढता, रुग्णांच्या संमतीने, दोन-तीन वर्षांनी पुन्हा पाहिले. इतक्या लहान पॉलिपात त्या अवधीत कॅन्सरचा धोका नगण्य, म्हणून हे चालून गेलं. ३०६ पॉलिपांचा निकाल २०१३ साली छापला: २२ टक्के वाढले, ५० टक्के होते तसेच राहिले आणि २८ टक्के आक्रसले किंवा नाहीसे झाले. नॉर्वेतल्या अभ्यासांत याची चाहूल आधी लागली होती, पण एवढ्या स्पष्टपणे कुणी मोजलं नव्हतं. पॉलिप मागेही फिरतो! कॅन्सरची वाट एकदिशा नाही, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत दिलासा देणारं वाक्य वाटतं.

वाढणाऱ्यात आणि आक्रसणाऱ्यात फरक काय, याचा शोध आता जनुकांच्या पातळीवर चाललाय, आणि चित्र त्या पायऱ्यांच्या आकृतीपेक्षा गुंतागुंतीचं निघतंय. २०१५ साली आंद्रेआ सोत्तोरिवा आणि क्रिस्टिना कर्टिस यांनी आतड्यातल्या १५ गाठींमधल्या ३४९ ग्रंथी सुट्या करून तपासल्या आणि म्हटलं, की काही गाठींचा घातकीपणा फार लवकर, गाठ सुईच्या टोकाएवढी असतानाच ठरून गेलेला असतो. तसं असेल तर लहानपणीच खूण सापडायला हवी. पण २०१९ साली ब्रिटिश संशोधकांना दिसलं, की मध्यमवयीन माणसाच्या पूर्ण निरोगी आतड्यातही शंभरातल्या एका ग्रंथीत कॅन्सर घडवणाऱ्या जातीचे जनुकीय बदल असतात, आणि त्यातल्या जवळपास कशाचंच पुढे काही होत नाही. बिघाड असणं पुरेसं नाही. तो कुठे आहे, कोणत्या क्रमाने आला, शेजारच्या पेशी आणि रोगप्रतिकार यंत्रणा त्याला काय करतात, हे सगळं हिशेबात घ्यावं लागतं. मेयो क्लिनिकमधले संशोधक आता ज्या पॉलिपच्या पोटात कॅन्सर सापडला आणि ज्या तेवढ्याच आकाराच्या पॉलिपात तो सापडला नाही, अशा जोड्या लावून त्यांचा डीएनए शेजारी शेजारी वाचतात. ड्यूक्सने १९२६ साली जी सीमा पाहिली, तिच्याच अलीकडची आणि पलीकडची बाजू.

तोवर रोजच्या व्यवहारातला प्रश्न वाट पाहत नाही. लहान पॉलिप काढलेल्या माणसाला पुन्हा कधी बोलवायचं? २०१८ साली अमेरिकेत जवळपास सोळा हजार माणसांच्या नोंदींवरून अ‍ॅटकिनचंच म्हणणं पुन्हा निघालं. मोठा किंवा जास्त बिघडलेला अ‍ॅडेनोमा असलेल्यांत दर दहा हजार व्यक्ती-वर्षांमागे २० कॅन्सर, लहान साध्या अ‍ॅडेनोमावाल्यांत ९.१ आणि एकही अ‍ॅडेनोमा नसलेल्यांत ७.५. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. दोन वर्षांनी अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी एक-दोन लहान अ‍ॅडेनोमा असलेल्यांसाठी पुढची तपासणी सात ते दहा वर्षांनी सांगितली. पूर्वी ती पाच वर्षांनीही होई. पाच की दहा, याचा निकाल लावायला अमेरिकेत फोर्ट नावाची चाचणी सुरू झाली आहे. चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं: काहींनी पाचव्या आणि दहाव्या वर्षी यायचं, काहींनी फक्त दहाव्या. प्रत्येकाला दहा वर्षं पूर्ण व्हायची असल्याने उत्तर यायला अजून बराच अवधी आहे. सहभागी माणसं रक्ताचे आणि शौचाचे नमुनेही देताहेत आणि त्यांचे काढलेले पॉलिप जपून ठेवले जाताहेत, म्हणजे उद्या एखादी खूण सापडलीच तर ती पडताळून पाहायला वीस वर्षं पुन्हा थांबावं लागू नये.